विचारलं म्हणून कळलं

तुमची आई तुमच्या आजीच्या पोटात जेमतेम पाच महिन्यांची होती, तेव्हाच तिच्या इवल्याशा बीजकोशांत साठ-सत्तर लाख स्त्रीबीजं तयार झालेली होती. त्यांतल्याच एकापासून पुढं तुम्ही झालात. आजीचे डोहाळे पुरवले जात होते त्या दिवसांत तुमची निम्मी शिदोरी तिच्याच पोटात, लेकीच्या आत, बांधून ठेवलेली होती.

त्याहून मोठा अचंबा पुढं आहे. हे बीज तयार होताना पेशीविभाजनाला सुरुवात करतं आणि मध्येच थांबतं. महिना-दोन महिने नव्हे, वीस-तीस वर्षं, कधी चाळीस. आई जन्मली, रांगली, शाळेत गेली, तिचं लग्न झालं. बीज तिथंच थांबलेलं. बरोबरीची लाखो बीजं या काळात विरून गेली. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख, आणि आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात ती फार तर चारशे-पाचशे. त्यांतल्या एका महिन्यात तुमचा नंबर लागला.

ही गोष्ट चारचौघांत सांगून पाहा. ऐकणाऱ्याचे डोळे आधी विस्फारतात आणि पुढच्याच क्षणी तो आजूबाजूला कुणी आहे का ते बघतो. आकाशगंगेबद्दल किंवा हिमालय कसा उचलला गेला त्याबद्दल बोलताना असं होत नाही. शरीराच्या एवढ्या भागापुरतं मात्र आपल्याकडे नवल आणि लाज एकाच वेळी जागी होतात, आणि बहुतेकदा लाज जिंकते. पण आज या भागाबद्दल जे काही ठाऊक आहे, ते कुणीतरी कधीतरी ती लाज बाजूला ठेवून प्रश्न विचारला म्हणूनच ठाऊक आहे.

आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी. भिंगं घासून स्वतःची सूक्ष्मदर्शकं बनवण्याचा त्याला नाद होता. १६७७ साली त्यानं त्याखाली वीर्य ठेवलं आणि त्यात शेपट्या हलवत पोहणारे असंख्य जीव पाहिले. हे त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं खरं, पण किती संकोचानं! नमुना वैवाहिक संबंधातूनच मिळालेला आहे, त्यासाठी आपण कोणतंही पाप केलेलं नाही, असा निर्वाळा त्यानं पत्रातच दिला. आणि विद्वानांना हे वाचून किळस येईल असं वाटलं तर पत्र छापू नये, अशी मुभाही दिली. छापलं गेलं म्हणून बरं.

स्त्रीबीज दिसायला त्यानंतर दीडशे वर्षं लागली. खरं तर ते शुक्राणूच्या मानानं प्रचंड असतं, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, तीक्ष्ण नजरेला नुसत्या डोळ्यांनीही ठिपक्यासारखं दिसू शकेल असं. पण ते आत, खोल दडलेलं. १८२७ साली क्योनिग्जबर्गमध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांना ते एका कुत्रीच्या बीजकोशात दिसलं. शुक्राणू आणि बीज एकत्र येऊन त्यांची केंद्रकं एकजीव होतात हे १८७६ साली ओस्कार हेर्टविग यांनी समुद्री साळींदराच्या पारदर्शक अंड्यांत पाहिलं. मूल नेमकं कसं होतं, हा माणसाच्या सर्वांत जुन्या प्रश्नांतला एक. आणि त्याचं उत्तर मिळालं तेव्हा मुंबई-ठाणे रेल्वे सुरू होऊन वीस वर्षं उलटून गेली होती.

तरीही एक साधी गोष्ट कळायची राहिलीच होती. महिन्यातल्या कोणत्या दिवसांत गर्भ राहतो? एकोणिसाव्या शतकातले युरोप-अमेरिकेतले डॉक्टर जनावरांच्या माजावरून अंदाज बांधत. कुत्री माजावर येते तेव्हा तिच्या अंगावरून रक्त जातं, त्यावरून बाईचंही पाळीच्या आसपासच बीज सुटत असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. मूल नको असलेल्या जोडप्यांना ते सांगत, दोन पाळ्यांच्या मधले दिवस सुरक्षित. म्हणजे जे दिवस गर्भ राहण्याचे, नेमके तेच! किती बायकांची किती बाळंतपणं या सल्ल्यावर झाली असतील, ते मोजायला कुणी नाही. जपानमधल्या निगाता शहरात क्यूसाकु ओगिनो यांनी १९२४ साली आणि ऑस्ट्रियात हेरमान क्नाउस यांनी त्यानंतर काही वर्षांनी, एकमेकांशी संबंध नसताना, हा घोळ सोडवला. पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी बीज बाहेर पडतं. आज कुठल्याही मोबाइलमधलं पाळीचं ॲप जे सांगतं, ते माणसाला कळून शंभर वर्षंच झाली आहेत.

हीच ती वर्षं, ज्यांत मुंबईतले एक गणिताचे प्राध्यापक मराठी माणसाशी या विषयावर बोलायला उभे राहिले.

रघुनाथ धोंडो कर्वे नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. वडील म्हणजे पुढं महर्षी म्हणून ओळखले गेलेले धोंडो केशव कर्वे. रघुनाथरावांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मारी स्टोप्स यांनी आपलं केंद्र काढलं तेही त्याच वर्षी. १९२३ साली त्यांनी संततिनियमनावर आणि गुप्तरोगांपासून बचावावर पुस्तकं लिहिली. या उघड प्रचारापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. पत्नी मालतीबाई त्यांच्याबरोबर ठाम उभ्या होत्या. आणि १५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला, बेअरना स्त्रीबीज दिसल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. १९५३च्या ऑक्टोबरात कर्वे वारले, तोपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, हे मासिक त्यांनी जवळजवळ एकहाती आणि पदरमोड करून चालवलं.

त्या मासिकातल्या वाचकांच्या प्रश्नांचं मला सर्वांत जास्त अप्रूप वाटतं. लेख लिहिणारा एक माणूस धीट असू शकतो. पण कुठल्या तरी गावात बसून, कंदिलाच्या उजेडात, आपल्या देहाबद्दलचा प्रश्न कागदावर उतरवणारा आणि तो पोस्टात टाकणारा वाचक? हस्तमैथुनानं शक्ती जाते का, समलिंगी आकर्षण हा रोग आहे का, असे प्रश्न छापून त्यांना उत्तरं दिली जात होती. जे बोलायचंच नाही ते मराठीत छापील अक्षरांत, व्याकरणशुद्ध वाक्यांत समोर येत होतं.

मासिकावर खटले भरले गेले. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या लेखासाठी शंभर रुपये दंड झाला. १९३४च्या खटल्यात वाचकांना दिलेली उत्तरंच अश्लील ठरवली गेली. त्या वेळी कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही, आणि प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळालंच पाहिजे, ही त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. कर्वे खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. अस्पृश्यतेविरुद्धचा एवढा मोठा लढा खांद्यावर असताना बाबासाहेबांनी या बाजूनं उभं राहावं, हे मला फार मोलाचं वाटतं. ही त्यांची एकदाची वकिली नव्हती. १९३८च्या नोव्हेंबरात त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, त्याचं भाषण आंबेडकरांनी तयार केलेलं होतं. ठराव नामंजूर झाला.

पुढं हा धागा तुटला नाही. शकुंतला परांजपे यांनी पुण्यात संततिनियमनाचं काम केलं, विठ्ठल प्रभू यांनी ‘निरामय कामजीवन’ लिहिलं, आणि २००५ पासून मुंबईतल्या एका इंग्रजी दैनिकात डॉ. महिंदर वत्स वयाची ऐंशी उलटल्यावर रोज वाचकांच्या शंकांना उत्तरं देऊ लागले. २०२० साली, शहाण्णवाव्या वर्षी, ते गेले. कर्व्यांना विचारला गेलेला आणि वत्सांना विचारला गेलेला प्रश्न पुष्कळदा एकच होता: वीर्य गेल्यानं माणूस खंगतो का?

रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब होतो, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं. ही भीती केवळ आपलीच नाही. स्वित्झर्लंडच्या साम्युएल तिसो या डॉक्टरानं १७६० साली हस्तमैथुनाच्या दुष्परिणामांवर पुस्तक लिहून युरोपातल्या तरुणांना शे-दीडशे वर्षं पुरेल एवढी दहशत घातली. आपल्याकडे ‘धातू जातो’ म्हणत थकवा, चक्कर, पाठदुखी घेऊन येणाऱ्या तरुणांची तक्रार मनोविकारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० साली धात सिंड्रोम या नावानं नोंदवली. त्या मुलांना होणारा त्रास खरा असतो. तो भीतीतून येतो, आणि स्टेशनाजवळच्या भिंतींवरच्या जाहिराती त्या भीतीवरच जगतात.

प्रत्यक्षात काय घडतं ते पाहा. वयात आलेल्या पुरुषाच्या वृषणांत दर सेकंदाला हजाराच्या आसपास शुक्राणू तयार होतात. हे वाक्य वाचून होईपर्यंत काही हजार झाले. एक शुक्राणू घडायला अडीच महिने लागतात, आणि त्याला शरीराच्या नेहमीच्या तापमानापेक्षा दोन-चार अंश गारवा लागतो. म्हणून तर हा कारखाना शरीराबाहेर पिशवीत टांगलेला आहे. वापरले न गेलेले शुक्राणू शरीर पुन्हा जिरवून टाकतं. बाहेर येणाऱ्या चमचाभर वीर्यात त्यांचा वाटा अगदी थोडा, बाकी पाणी, प्रथिनं आणि फळांत असते ती साखर. झोपेत वीर्य जाणं हा दोष नाही, आजार नाही. रक्ताचा एकही थेंब त्यात खर्ची पडत नाही. हे चार ओळींत सांगता येतं. तेवढं कुणी सांगितलं नाही म्हणून कित्येक मुलं वर्षानुवर्षं स्वतःच्या देहाला घाबरून राहतात.

स्त्रीच्या सुखाबद्दल तर विज्ञानानंच मौन पाळलं. ते समजायला आधी गर्भातल्या सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत मागं जायला हवं. तोवर मुलगा आणि मुलगी बाहेरून अगदी एकसारखे असतात. दोघांनाही तोच छोटा उंचवटा, त्याच दोन बाजूंच्या घड्या. आतही दोन्ही प्रकारच्या नलिकांचे आराखडे प्रत्येक गर्भात हजर असतात, पुढं एक वाढतो आणि दुसरा विरतो. संप्रेरकांच्या हुकमानं त्या उंचवट्याचं कुणात शिश्न होतं, कुणात शिश्निका. बाजूच्या घड्या मुलीत ओठांसारख्या सुट्या राहतात, मुलात मधोमध सांधल्या जाऊन वृषणांची पिशवी होते. त्या सांध्याची रेघ प्रत्येक पुरुषाच्या अंगावर आयुष्यभर दिसते. आपण सगळे कुठून निघालो याची ही खूण रोज अंघोळीला समोर असते आणि ती कशाची हे बहुतेकांना माहीत नसतं. काही बाळांत या दोन वाटा इतक्या स्पष्टपणे वेगळ्या होत नाहीत. तेही याच प्रवासाचं एक रूप आहे, आणि त्या बाळाच्या आईबापांना घाबरवून सोडण्याऐवजी हे समजावून सांगितलं तर केवढा भार हलका होईल.

आता ती शिश्निका. बाहेरून दिसतो तो केवळ तिचा शेंडा. आत कमरेच्या हाडाच्या कमानीला लागून तिचे दोन पाय आणि योनीच्या दोन्ही बाजूंना पसरलेले दोन फुगीर कंद असतात. जर्मन शरीररचनाकार गेओर्ग कोबेल्ट यांनी १८४४ साली तिची सुरेख चित्रं काढली होती. पुढं पाठ्यपुस्तकांतून हा तपशील हळूहळू नाहीसा झाला. ऑस्ट्रेलियातल्या शल्यचिकित्सक हेलन ओकॉनेल यांनी विच्छेदनं करून तिचा खरा विस्तार पुन्हा जगापुढं मांडला तो १९९८ साली. माणूस चंद्रावर जाऊन आल्याला तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती! तिथल्या मज्जातंतूंची मोजणी माणसात नीट झाली ती तर २०२२ साली. ते दहा हजारांहून अधिक निघाले. विच्छेदनाची टेबलं होती, हत्यारं होती, डॉक्टर होते. विचारणारं कुणी नव्हतं.

पाळीचं नवल वेगळंच. सस्तन प्राण्यांच्या हजारो जातींत पाळी येते अगदी मोजक्यांना: माणूस, काही माकडं आणि वानरं, काही वटवाघळं, आफ्रिकेतली लांब नाकाची एलिफंट श्रू, आणि २०१६ साली ध्यानात आलेला एक काटेरी उंदीर. बहुतेक प्राण्यांत गर्भ आल्यावर गर्भाशय तयारीला लागतं. बाईचं गर्भाशय गर्भ येण्याआधीच दर महिन्याला अस्तर जाड करून ठेवतं, कारण माणसाचा गर्भ आईच्या आत फार खोल रुजतो. तो आला नाही की अस्तर सुटून येतं. सगळ्या दिवसांचं मिळून रक्त सरासरी तीस-चाळीस मिलिलिटर, म्हणजे सहा-आठ चहाचे चमचे. ते अस्तर सुटल्यावर आत जी जखम राहते ती काही दिवसांत भरून निघते, आणि कुठलाही व्रण मागं राहत नाही. आयुष्यात चारशेच्या आसपास वेळा! गुडघा एकदा फुटला तरी व्रण राहतो. व्रणाशिवाय जखम भरण्याची ही हातोटी गर्भाशयाकडे कशी, याचा शोध शास्त्रज्ञ आज घेत आहेत, आणि त्यातून इतर जखमांवरही काही सापडेल अशी आशा आहे. घरात मात्र त्याच रक्ताला वाईट रक्त म्हणत मुलीला बाजूला बसवलं जातं.

आणि अंगावरून पांढरं जाणं. यावर थोडं थांबतो, कारण महाराष्ट्रातल्या बायकांनी या एका गोष्टीची फार मोठी किंमत मोजली आहे.

योनी स्वतःची देखभाल स्वतः करते. तिच्यात लॅक्टोबॅसिलस कुळातले जिवाणू राहतात. दुधाचं दही करणारे जिवाणू त्यांचे जवळचे नातेवाईक. तेही इथं लॅक्टिक आम्ल बनवतात आणि त्या आंबटपणामुळे रोगजंतूंना थारा मिळत नाही. पाळी संपली की स्राव थोडा असतो. बीज सुटायच्या दिवसांत तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक आणि तार धरणारा होतो, शुक्राणूंना वर जायला त्यातून वाट मिळते. पुढं पुन्हा दाट होतो आणि वाट बंद. महिनाभर चालणारी ही हालचाल निरोगी शरीराची आहे. स्रावाला घाण वास आला, खाज सुटली, दह्याच्या गुठळ्यांसारखा किंवा हिरवट-पिवळा झाला, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर मात्र डॉक्टरकडे जायला हवं. एवढी माहिती आई, आशाताई, शाळेतल्या बाई, कुणीही सांगू शकतं.

सांगितली गेली नाही तर काय होतं, हे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत पाहिलं. १९८९च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा अभ्यास आला. तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचा आजार होता. त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या ८ टक्के. त्या काळी जगभर गरीब देशांतल्या बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच हिशेब होता. या दोन आकड्यांनी तो बदलायला भाग पाडलं. राणीताई त्या बायकांबरोबर बसून ऐकत राहिल्या. त्यातून ‘कानोसा’ हे पुस्तक झालं, आणि वयात येणाऱ्या मुलामुलींशी मोकळेपणानं बोलणारी ‘तारुण्यभान’ शिबिरंही.

तीस वर्षांनंतर बीड जिल्ह्यातून दुसरा आकडा आला. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांचं सर्वेक्षण नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीनं २०१९ साली केलं. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. यातल्या बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, पाळीत पोट दुखलं म्हणून एक दिवस बसलं तर खाडा आणि त्याचा दंड, फडात ना संडास ना पुरेसं पाणी. अंगावरून पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की ऐकू यायचं, पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. गर्भाशय काढलं तरी बीजकोश राहिले तर संप्रेरकं पाझरत राहतात. तेही काढले तर तिशीतली बाई एका दिवसात पाळी गेलेल्या वयाची होते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. हे तिला कुणी सांगितलं असतं, आणि ‘मला नेमकं काय झालंय?’ हे विचारायची तिला सवय असती, तर त्यांतल्या किती शस्त्रक्रिया टळल्या असत्या! गरिबी आणि कामाच्या अटी हा मूळ रोग आहेच, तो नुसत्या बोलण्यानं बरा होणार नाही. पण कॅन्सरचा धाक एवढा चालला तो अंधारामुळं.

आणि तोच कॅन्सर, शेजारच्याच जिल्ह्यात, उजेडात पाहिला गेला होता. उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली टाटा मेमोरियल रुग्णालय आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या डॉक्टरांनी आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांसह गावोगाव काम सुरू केलं. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ गट. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे होतो, हे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं होतं. त्यांना २००८चं नोबेल मिळालं. उस्मानाबादच्या एका गटात नमुना घेऊन या विषाणूची तपासणी झाली, आयुष्यात केवळ एकदा. आठ वर्षांत त्या गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ या कॅन्सरनं गेल्या. ज्यांची कोणतीच तपासणी झाली नाही त्या गटात ३१,४८८ पैकी ६४. एका तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर! २००९ साली हा निष्कर्ष छापून आला आणि जगभरच्या तपासणी-धोरणांना त्यानं दिशा दिली. तपासणीविना ठेवलेल्या गटाबद्दल पुढं नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि ते मला रास्त वाटतात. मुंबईच्या वस्त्यांत तर दीड लाख बायकांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात व्हिनेगरमधलं सौम्य आम्ल पुरलं. ते लावलं की बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. थोडक्या प्रशिक्षणावर आरोग्यसेविकांनी केलेल्या या तपासणीनं मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

या प्रयोगांत विषाणू, आम्ल, आकडेवारी यांच्याआधी एक काम होतं. गावातल्या बाईच्या दारात बसून, सासूसमोर, कधी नवऱ्यासमोर, तिला सांगायचं होतं की कुठली तपासणी आहे, शरीराच्या कुठल्या भागाची, आणि ती कशासाठी. हजारो घरांत ते संभाषण झालं. म्हणून तर मला आपल्या माणसांविषयी आशा वाटते. धाराशिवच्या खेड्यांत जे सांगता आलं, ते विधिमंडळात पेलवलं नाही: २००७ साली शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या पुस्तिकेवरून गदारोळ झाला आणि राज्यानं तो कार्यक्रमच थांबवला. आज मुलांच्या हातात मोबाइल आहे आणि त्यात सगळं दिसतं. समजावून सांगणारं कुणी त्यात नसतं.

आता या विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेल्या लशीला २०२२ साली देशात परवानगी मिळाली. ती घेण्याचं सर्वांत योग्य वय नऊ ते चौदा. मुलगी पाचवी-सहावीत असते तेव्हा हा प्रश्न घरात येतो, आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेली मुलगी विचारतेच: ही कशाची सुई? मला तर काहीच झालं नाही.

तिला खरं उत्तर देता येतं, तिच्या वयाला झेपेल अशा शब्दांत. बाळ जिथं वाढतं ती पिशवी तुझ्या पोटात आहे, तिच्या तोंडाशी एक विषाणू जाऊन बसू शकतो. मोठं झाल्यावर माणसं शरीरानं जवळ येतात तेव्हा तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. जवळजवळ सगळ्यांनाच तो कधी ना कधी गाठतो, बायकांना आणि पुरुषांनाही, आणि बहुतेकांच्या अंगातून दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. काही जणींच्यात राहतो आणि बऱ्याच वर्षांनी कॅन्सर करतो. तो यायच्या आधी तुझ्या शरीराला त्याची ओळख करून दिली, तर शरीर त्याला आत थारा देत नाही; आणि तुझ्या वयात ही ओळख सर्वांत पक्की बसते, म्हणून आज आलो. तिशीनंतर तुला तपासणीही करून घ्यावी लागेल, ती कशी असते ते मी तुला सांगेन. आणखी काय विचारायचंय?